फ्लॅप गेला, आता रेसिडेंटच्या हातात केस द्यायची की नाही?

प्रश्न : मॅडम, मला ‘तू’ म्हटलंत तर बरं वाटेल. मी ३६ वर्षांची, मुंबई-पुण्यापासून लांबच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीची असिस्टंट प्रोफेसर आहे. चेहऱ्याची कामं जास्त करते : कॅन्सरनंतरचे जबडे, अपघातातले चेहरे, दुभंगलेले ओठ. गेल्या महिन्यात बीडकडचा एक ४१ वर्षांचा ऊसतोड कामगार आला. डाव्या गाल-हिरडीचा कॅन्सर, तंबाखूचा. जबड्याचा तुकडा काढला आणि पायातलं फिब्युला हाड कातडीसकट उचलून तिथे बसवलं (असा उचलून दुसरीकडे बसवलेला जिवंत भाग म्हणजे फ्लॅप). धमनी मी जोडली. शीर मायक्रोस्कोपखाली सेकंड इयरच्या रेसिडेंटला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, जोडू दिली, मी समोरच बसले होते. दुसऱ्या रात्री दोन वाजता सिस्टरने चार्टवर ‘फ्लॅप किंचित निळसर’ असं लिहिलं. मला फोन आला साडेपाचला. उघडलं तर शिरेत गुठळी. फ्लॅप गेला. शेवटी छातीचा फ्लॅप वर फिरवून जागा झाकली. तेव्हापासून मी रेसिडेंटला कशालाच हात लावू देत नाही. तो गप्प झालाय, मीही. एका खासगी कॉस्मेटिक सेंटरची ऑफर आहे, पगार तिप्पट. नवरा म्हणतो, ‘रोज रडत घरी येतेस, त्यापेक्षा ती घे.’ मला शिकवायला फार आवडायचं. आता भीती वाटते. काय करू?

उत्तर :

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना पोटात कालवलं. दुसऱ्यांदा वाचलं ते घड्याळासाठी. दोन आणि साडेपाच. तू हे दोन आकडे ओलांडून थेट रेसिडेंटच्या टाक्यावर गेलीस आणि तिथेच अडकून बसलीस. मला आधी त्या साडेतीन तासांबद्दल बोलायचं आहे.

इतर वाचकांसाठी थोडं सांगते. पायातलं हाड जबड्यात नेतात तेव्हा त्याच्या दोन वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडतात, रक्त आणणारी धमनी आणि रक्त परत नेणारी शीर. जाडी दोन-तीन मिलिमीटर, दोरा केसाहून बारीक. शीर बंद पडली की फ्लॅपमध्ये रक्त येत राहतं पण निघून जात नाही. फ्लॅप फुगतो, निळा-जांभळा होतो. बोटाने दाबून सोडलं तर रंग नेहमीपेक्षा झटकन परत येतो, सुई टोचली तर काळपट रक्त येतं. धमनीपेक्षा शीरच जास्त वेळा दगा देते, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन दिवसांत. लगेच उघडलं तर त्यातले बरेच फ्लॅप वाचतात. उशीर झाला की आतल्या बारीक वाहिन्यांतही रक्त थिजत जातं, मग मोठी शीर मोकळी करूनही काही हाती लागत नाही.

आता तू सांग. उघडल्यावर गुठळी नेमकी कुठे होती? जोडाच्या जागी, की पुढे, मानेत शीर वळते तिथे? शिरेला पीळ पडला होता का? आजूबाजूला रक्त साचून दाब आला होता का? एखादा टाका मागच्या भिंतीत अडकलेला दिसला का? तू फक्त ‘शिरेत गुठळी’ एवढंच लिहिलंयस. ऑपरेशन नोट काढ आणि बघ, तिथेही एवढंच आहे का. असेल, तर तुझ्या रेसिडेंटला तू पुराव्याशिवाय शिक्षा दिली आहेस, आणि स्वतःलाही.

टाका वाईट असूच शकतो. मी तुम्हा दोघांना मोकळं सोडत नाहीये. पण टाका वाईट असला तरी रात्री दोनला तो फ्लॅप ओरडून सांगत होता, आणि ते एका व्यक्तीने ऐकलंही होतं. त्या सिस्टरने रंग पाहिला, ओळखला, लिहून ठेवला. तिला जेवढं शिकवलं होतं तेवढं सगळं तिने केलं. ‘निळसर’ हा शब्द चार्टवर लिहून थांबायचं नसतं, त्याच मिनिटाला फोन उचलून बोलायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? आणि सांगितलं असेल तर तो फोन करायची तिला भीती वाटत नव्हती ना? सरकारी वॉर्डातली रात्रपाळी मी पाहिलेली आहे. मधे इंटर्न, मग फर्स्ट इयर, मग सेकंड इयर, एकेका पायरीवर अर्धा-पाऊण तास जातो, कारण वरच्याला उठवलं तर ओरडा बसतो हे सगळ्यांना माहीत असतं.

तेव्हा शिकवणं बंद करायचं म्हणतेस ते उलटं आहे. त्या रात्री शिकवणं कमी पडलं, आणि ते मायक्रोस्कोपखाली कमी पडलं असं अजून ठरलेलं नाही. खाटेशी एक कागद चिकटव. पहिले दोन दिवस दर तासाला काय बघायचं ते मराठीत लिही : रंग, ऊब, फुगवटा, दाबल्यावर रंग परत यायचा वेळ. खाली तुझा मोबाइल नंबर, मधल्या कुणाचा नाही. वॉर्डातल्या सिस्टरना एक दुपार दे. निळा पडलेला फ्लॅप, पांढरा पडलेला फ्लॅप, चांगला फ्लॅप, असे फोटो दाखव, सावळ्या कातडीवरचे, कारण आपल्या लोकांच्या कातडीवर निळेपणा पुस्तकातल्यासारखा दिसत नाही. आणि त्यांना सांग की खोटा निघालेला फोनही मला चालेल. मग तो पहिला खोटा फोन पहाटे तीनला येईल, तेव्हा ‘बरं केलंत’ एवढंच म्हण. त्या एका उत्तरावर पुढचे सगळे फोन अवलंबून असतात.

डॉ. नोशीर अंटिया यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कुष्ठरोगाने बसलेली नाकं, विद्रूप झालेले चेहरे यांच्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. कान दुरुस्त करायची एक पद्धत आजही जगभर त्यांच्या नावाने शिकवतात. त्याच अंटियांनी पुढे अलिबागजवळ मांडव्याला गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. लोकांना हे दोन वेगळे अंटिया वाटतात, मला तसं वाटत नाही. नजर देता येते आणि तिला डिग्री लागत नाही, हे त्यांना नीट कळलेलं होतं.

आता तो माणूस. तुझ्या पत्रात तो ऑपरेशनपुरता आहे, पुढे दिसत नाही, आणि तिथे मला काळजी वाटली. त्याच्या पायातलं हाड गेलं ते गेलंच. याच पायावर तो उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असणार. जबड्यात हाड नाही, म्हणजे उरलेला जबडा एका बाजूला सरकेल, चावणं अवघड होईल. हे त्याला कुणी सांगितलंय? सांगितलं नसशील तर बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत सांगू नकोस. त्याच्या बायकोला सोबत घेऊन खुर्चीवर बसव, स्वतः बस आणि सांग की हाडाची जोडणी माझ्या देखरेखीखाली झाली, ती टिकली नाही, रात्री आम्हाला कळायला उशीर झाला, आणि याची जबाबदारी माझी आहे. रेसिडेंटचं नाव घ्यायचं नाही. तो विचारेल, ‘हंगामाला जाता येईल का?’ खरं उत्तर दे. जखमेपायी रेडिएशन लांबत असेल तर त्याबद्दल मी तुला पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलंय; ऑपरेशनपासून सहा आठवड्यांत ते सुरू व्हायला हवं, बाकी सगळं त्याच्यानंतर. दुसऱ्या पायाच्या हाडाचा विचार पुढे होऊ शकतो, पण त्याचं आज आश्वासन देऊ नकोस.

तुला दोन जुन्या गोष्टी सांगते, तुझ्या प्रश्नाशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

पहिली पुण्याची. १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बेतलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं, त्याभोवती रेघ आखली, तेवढी कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मधे एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली म्हणजे रक्त चालू राहील, आणि कातडी फिरवून खाली आणली. चिकटवायला कात वापरला, आपण पानात घालतो तो. साधारण पंचविसाव्या दिवशी ती पट्टी कापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे काम पाहिलेलं होतं. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती हकिकत चित्रासकट छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने प्रेतांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तसं नाक बसवलं. तिथून ती पद्धत युरोपभर गेली.

तू आणि मी कपाळाचा फ्लॅप शिकलो तो इंग्रजी पुस्तकातून. त्या हकिकतीत कावसजीचं नाव आहे, ज्याने नाक केलं त्याचं नाही. त्याने ते कुणाकडून शिकलं, पुढे कुणाला शिकवलं, काही लिहिलेलं नाही. एवढी बारीक कारागिरी, आणि ती करणाऱ्याचा माग पुसला गेला. पाहणाऱ्यांनी लिहिलं म्हणून ती जगाला कळली, आणि परत आपल्याकडे आली ती बोटीने. मला या गोष्टीचं अजून वाईट वाटतं. वर्गात सांगताना प्रत्येक वेळी वाटतं.

दुसरी गोष्ट हॅरल्ड गिलीज यांची. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हा सर्जन पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये फुटलेले चेहरे दुरुस्त करत होता. १९१७ मध्ये सिडकपला त्यासाठी वेगळं हॉस्पिटल सुरू झालं. तिथे पाच हजारांवर जखमी आले, अकरा हजारांहून जास्त ऑपरेशनं झाली. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडचे सर्जन एकाच छताखाली एकमेकांचं काम बघून शिकत होते. हेन्री टोंक्स हा आधी सर्जन असलेला चित्रकार चेहऱ्यांची पेस्टलमध्ये चित्रं काढत होता. तिथे लमली नावाचा एक वैमानिक होता, विमान कोसळून अख्खा चेहरा भाजलेला. गिलीज यांनी १९१८ मध्ये छातीवरच्या कातडीचा मोठा फ्लॅप काढून एकाच वेळी त्याचा चेहरा झाकायचा प्रयत्न केला. फ्लॅप सडला, तो तरुण दगावला. ही केस गिलीज यांनी लपवली नाही. १९२० साली त्यांनी आपल्या पुस्तकात ती घातली, आणि हे काम टप्प्याटप्प्याने करायला हवं होतं हे मान्य केलं. आज आपण मोठं काम टप्प्यांत तोडतो, ते शहाणपण अशाच केसमधून आलेलं आहे.

म्हणून पुढच्या मॉर्बिडिटी मीटिंगला, बिघडलेल्या केसेसची चर्चा होते तिथे, ही केस तू मांड. रेसिडेंटला मांडायला लावू नकोस, तू स्वतः उभी राहा. वेळा फळ्यावर लिही. दोन, साडेपाच, पुन्हा उघडलं ती वेळ.

आता त्या मुलाबद्दल. माझ्या रेसिडेन्सीत, एका मोठ्या हॉस्पिटलात, सरांनी मला पहिल्यांदा कपाळाचा फ्लॅप उचलायला दिला. भुवईजवळ माझी सुरी जरा खोल गेली. सरांनी काही न बोलता ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पुढचे सात महिने मला रिट्रॅक्टरच, म्हणजे जखम उघडी धरायचं हत्यार, धरायला लावला. फ्लॅप जगला होता, पेशंट बरा होऊन घरी गेला होता. त्या सात महिन्यांत मी एकच गोष्ट शिकले : न येणारी गोष्ट येते असं दाखवायची. एका सर्जनला यापेक्षा धोकादायक काही शिकवता येत नाही. पुढे दुसऱ्या गावात मला वेगळे सर मिळाले. तेही हातातून सुई काढून घ्यायचे, निःसंकोच घ्यायचे. म्हणायचे, ‘थांब, दोन टाके मी घेतो, तू माझं मनगट बघ.’ दोन टाके झाले की सुई परत माझ्या हातात. चुकले तर पुन्हा घ्यायचे, पुन्हा द्यायचे. माझा हात बसला तो तिथे.

तुझ्या रेसिडेंटच्या हातातून तू सुई काढून घेतलीस याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या दिवशी ते योग्यच असेल. ती परत दिली नाहीस, हे चुकतंय. एक महिना तो रोज थिएटरमध्ये उभा राहून हेच ऐकतोय की एका माणसाचा जबडा त्याने घालवला. त्याच्याशी आधी बोल, चहा घेऊन, थिएटरच्या बाहेर. तो जेवतो का, झोपतो का, विचार. हे पहिलं काम, सिस्टरच्या कागदाच्याही आधी.

आणि एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण तू मागितलायस तो सल्ला आहे, सांत्वन नाही. धमनी स्वतः ठेवून शीर त्याला देणं हा क्रम उलटा झाला. धमनीची भिंत जाड, उभी राहणारी, टाका दिसतो. शिरेची भिंत ओल्या टिश्यू पेपरसारखी मिटते, मागची भिंत पुढच्या टाक्यात येते आणि टाका घेणाऱ्याला कळतही नाही. शीर शेवटी द्यायची असते. ती चूक शिकवणारीची, शिकणाऱ्याची नाही. सुधारता येण्यासारखी आहे.

ती कशी सुधारायची? थिएटरच्या बाहेरून सुरुवात कर. सोमवारी खाटकाकडून कोंबडीच्या तंगड्या आण. मांडीतली धमनी आणि शीर आपल्याला हवी तशीच बारीक मिळते. त्याआधी दोन दिवस रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर मायक्रोस्कोपखाली नुसत्या गाठी. शिरेचे टाके सलाइनच्या थेंबात भिंत तरंगत ठेवून घ्यायला शिकव. जोडून झालं की वाहिनी उभी चिरून आतून बघायची, मागची भिंत अडकलीय का. सलग पाच जोड स्वच्छ निघेपर्यंत टेबलवर शीर नाही, असं दोघांनी आधी ठरवा आणि वहीत लिहा. म्हणजे निर्णय तुझ्या मूडवर किंवा भीतीवर राहणार नाही.

रॉडनी पेटन नावाच्या ब्रिटिश सर्जनने शिकवण्याचे चार टप्पे सांगितले आहेत, ते मला फार उपयोगी पडले. आधी तू न बोलता सगळं करून दाखवायचं. मग तेच सावकाश, एकेक पायरी बोलून. तिसऱ्यांदा हात तुझे, पण पुढे काय करायचं ते तो सांगणार. चौथ्यांदा हात त्याचे आणि बोलणंही त्याचं. आपल्याकडे पहिल्यावरून सरळ चौथ्यावर उडी मारतात. तिसरा टप्पा गाळू नकोस. त्याला काय कळलेलं नाही ते तिथेच बाहेर येतं, आणि तेव्हा सुई अजून तुझ्याच हातात असते.

टेबलवर जायच्या आधी, हात धुतानाच, आजचा त्याचा भाग कुठला ते बोलून घ्या. त्याला सांग : आज पायाची जखम तू शिवणार. पुढच्या वेळी हाड उचलणार. त्यानंतर धमनी. ‘आता माझ्याकडे दे’ या शब्दांचा अर्थ राग नाही, हे आधीच सांगून ठेव. आणि पेशंटलाही आधी सांग की आमच्याकडे डॉक्टर शिकतात, ते ऑपरेशनमध्ये भाग घेतील, मी सगळा वेळ तिथे असेन. माझ्या अनुभवात, समोर बसून सरळ सांगितलं तर फार थोडे लोक नाही म्हणाले. जे म्हणाले, त्यांचं ऐकलं.

ऑफरबद्दल थोडंच लिहिते. कॉस्मेटिक काम हलकं नाही. गिलीज यांनीही युद्धानंतर खासगी प्रॅक्टिसमध्ये तसं काम केलं. घरावर कर्ज असेल, मूल लहान असेल, तर तिप्पट पगार ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि तो घेतलास तर मला तुझ्याबद्दल कमी वाटणार नाही. फक्त फ्लॅप गेलेल्या महिन्यात सही करू नकोस. त्यांना सहा महिने मागून बघ. ते थांबले नाहीत तरी अशी सेंटरं पुन्हा विचारतात. जायचंच ठरलं तर आठवड्यातला एक दिवस कुठल्या तरी कॉलेजात शिकवायला जाता येईल का, हे करारात लिहून घे. नवऱ्याचं वाक्य मात्र पुन्हा वाच. मला ते पगाराबद्दलचं वाटलं नाही. तू रडत घरी येतेस, त्याबद्दल तो बोलतोय. त्याला हे पत्र दाखव, त्या रात्रीचं सगळं सांग.

तीन महिन्यांनी मला लिही. रेसिडेंटचे पाच जोड झाले का, सिस्टरचा पहिला फोन कधी आला, आणि त्या माणसाचं तोंड आता किती बोटं उघडतंय.